पहिलं नको

आमच्या घरात कोणी एकट्याने काही ठरवल्याचं मला आठवत नाही. कलिंगड आज कापायचं की उद्यावर ठेवायचं, यावरसुद्धा बैठक व्हायची. मला चष्मा लागला तेव्हा फ्रेमचा रंग कुडाळच्या मोठ्या काकांनी फोनवरून ठरवला, आणि तो चष्मा त्यांनी पाहिला पुढे दोन वर्षांनी, तेव्हा काच बदलायची वेळ आली होती. दुबईजवळच्या अजमानमधला आमचा फ्लॅट म्हणजे एक खोली, एक हॉल आणि हॉलमध्ये कपाट आडवं लावून केलेली माझी अभ्यासाची जागा. त्या कपाटाच्या पाठीला मी पाठ टेकून बसायचे आणि पलीकडे चाललेलं सगळं ऐकायचे. खिडकीतला एसी घरघरत असायचा, खाली मोकळ्या वाळूच्या प्लॉटवर पठाण ड्रायव्हर आपले ट्रक लावायचे, मशिदीतली बांग व्हायची आणि तिच्यावरून आईच्या नारळ खवण्याचा आवाज यायचा. बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. पहाटे कंपनीची बस त्यांना न्यायची आणि संध्याकाळी आणून टाकायची. आल्यावर ते आधी कपाटावर हात आपटून म्हणायचे, "मेघा, यल्ला, लवकर, चहा!" चहा मात्र आई करायची, मी फक्त कप नेऊन द्यायचे.

आईबद्दल सांगायचं तर तिच्या व्हिसावर 'गृहिणी, कामाची परवानगी नाही' असं छापलेलं होतं, आणि दिवसभर ती जे करायची त्याला काम म्हणत नाहीत असं बहुतेक ते छापणाऱ्यालाही वाटत असावं. मालवणहून आणलेली तिरफळं ती डब्यात मोजून ठेवल्यासारखी जपायची. बाजारातून बांगडे आणून त्यांचं तिखलं करायची, मल्याळी दुकानातला उकडा तांदूळ, वर सोलकढी. ती शेवटी जेवायची. कुठली साडी, कुठला रंग, कुठे जायचं, काहीही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "माझं काय!" हे ती तक्रारीच्या सुरात म्हणत नसे. प्रश्न चुकीच्या पत्त्यावर आलाय, एवढंच तिला सांगायचं असायचं.

तिचा खरा हट्ट दिसायचा तो पंगतीला. शुक्रवारी फुजैराहून परब काका यायचे. बाबांच्या गावचे, तिथल्या बंदरात जहाजांत तेल भरायच्या कामावर, कुटुंब गावी. आठवडाभर लेबर कॅम्पमधली डाळ खाऊन आलेला तो माणूस पहिल्या वाढपाला हात आडवा करून म्हणायचा, "नको वहिनी, पोटात जागा नाय." आई ऐकल्यासारखं दाखवायचीच नाही. ताटात भात पडायचा. दुसऱ्या वेळी काका पुन्हा नको म्हणायचे, तेव्हा ती हसायची आणि वाढायची. तिसऱ्या वेळी ते खरंच कळवळायचे, तेव्हा ती अर्धा डाव वाढायची. "माणूस पहिल्यांदा नको म्हणतो ते लाजेखातर," ती मला सांगायची, "तेवढ्यावर डाव मागे घेतला तर तो उपाशी उठतो गो." आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. नको म्हणणाऱ्यालाही आणि वाढणाऱ्यालाही.

आज मी आईच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे आणि अर्ध्याहून जास्त आयुष्य अमेरिकेत काढलंय. इथे दोन वर्षांच्या पोराला विचारतात, लाल पेल्यात दूध हवं की निळ्या? मला आधी हे थेर वाटले. पोराला काय कळतंय! पण ते पोर बोट दाखवतं, आणि ज्यावर बोट दाखवलं तोच पेला त्याला मिळतो. असं अठरा वर्षं केलं की ते पोर घराबाहेर पडतं, स्वतःचं शिक्षण, स्वतःचं माणूस, स्वतःचा देव स्वतः निवडतं, आणि चुकलं तर चूकही त्याचीच असते. या देशाचा सगळा डोलारा त्या पेल्यावर उभा आहे. मला त्याचा फायदाच झालाय, हे कबूल करायला हवं. माझं लग्न, ते मोडणं, नोकरी, हे घर, यातलं काहीही कुडाळहून ठरलेलं नाही. पण हा पेला मी पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेत नव्हे, शारजाच्या एका हॉस्पिटलमध्ये, सतरा वर्षांची असताना, आणि तो माझ्या आईसमोर धरलेला होता.

आईच्या छातीत गाठ होती. तिने ती किती दिवस अंगावर काढली कोण जाणे. नारळ खवताना हात भरून येतो, एवढंच ती म्हणायची. बाबांनी तिला अजमानच्या क्लिनिकमध्ये नेलं, तिथून शारजाच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट क्लिनिकच्या डॉक्टरने बाबांना एकट्याला बोलावून सांगितला आणि म्हणाला, "भाई, वाइफ को बताना है या नहीं, वो आप देख लो." बाबांनी पाहिलं. म्हणजे पुढच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर बैठक घेतली. आई आत भांडी घासत होती, नळ मोठा सोडलेला, वर एक्झॉस्ट फॅन. हॉलमध्ये बाबा, परब काका, मी, आणि फोनच्या स्पीकरवर कुडाळचे मोठे काका. रिपोर्टमध्ये काय आहे आणि काय कापावं लागेल, ते बाबांनी खालच्या आवाजात सांगितलं. "तिला अजिबात कळता कामा नये," मोठे काका म्हणाले, "बाईमाणूस धास्तीनेच जाईल." परब काका आपल्या तळव्यांकडे बघत होते. त्यांचा नुकताच तिसऱ्यांदा वाढलेला भात खाऊन झाला होता. "साधी गाठ आहे, काढायची, एवढंच सांगा," ते म्हणाले, "बाकीचं मागाहून, वहिनी बऱ्या झाल्यावर." बाबांनी मान हलवली. "खलास, ठरलं. मेघाची परीक्षा होईपर्यंत तर नाहीच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर अमेरिकन बाई आहे. आईला तिचं इंग्लिश कळणार नाही. तू सोबत यायचं. ती काय बोलायचं ते बोलू दे, तू आईला सांगायचं, साधी गाठ आहे."

आतला नळ बंद झाला आणि सगळे कलिंगडाबद्दल बोलायला लागले.

त्यानंतरचे दिवस मला अजून नकोसे वाटतात. घरात सगळे गोड झाले होते. बाबा ताट उचलून स्वतः मोरीत ठेवू लागले. मोठे काका गावाहून रोज फोन करून आईशीच बोलू लागले, आणि ती आश्चर्याने म्हणायची, "भावोजींना माझी आठवण यायला लागली, पाऊस पडेल हो अजमानात." ती खूश होती. हे मला सगळ्यात जास्त लागायचं. प्रेम करणाऱ्या माणसांनी वेढलेली ती बाई त्या घरात एकटीच काही न कळता वावरत होती, आणि प्रत्येकजण तिच्या हातचं पोटभर खात होता.

डॉक्टरांचं नाव एलेन. उंच, पांढरे केस अगदी आखूड कापलेले, पायात साधे बूट. तिने खुर्ची ओढली ती बाबांसमोर न ओढता आईसमोर. "तुमचं नाव काय?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "मिसेस कांबळी." डॉक्टर आईकडेच बघत राहिली. आईने पदर नीट केला आणि हळूच म्हणाली, "सुनंदा." आमच्या घरात ते नाव कोणी उच्चारायचं नाही. बाबा 'अगं' म्हणायचे, काका 'वहिनी', मी आई. डॉक्टरने ते 'सुनांडा' असं म्हटलं आणि आई चक्क लाजली.

मग डॉक्टर मला म्हणाली, "यांना स्वतःच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायची इच्छा आहे, ते विचार." बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आई, त्या विचारतायत, दुखतं का?"

"नाही गो. दुखत असतं तर तेव्हाच नसते आले?"

मी इंग्रजीत सांगितलं, दुखत नाही म्हणते. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मी हे विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

"मॅडम, नो प्रॉब्लेम," बाबा पुढे सरकले, "फॅमिली इज हिअर. यू टेल मी. ऑल डिसिजन मी. आफ्टर ऑपरेशन वुई विल टेल हर, इन्शाल्ला."

"सर, तुमचं यांच्यावर प्रेम आहे हे मला दिसतंय," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पण ऑपरेशन यांच्यावर व्हायचंय. यांना माहीत नसताना मी हात लावणार नाही." मग मला म्हणाली, "आणि हे काम मुलीवर टाकणं बरोबर नाही. तू बाहेर बस. हिंदी बोलणारी नर्स आहे, मी तिला बोलावते." तिने फोनकडे हात नेला.

मी बाहेर जाऊ शकले असते. पण कोणी अनोळखी बाई माझ्या आईला हिंदीतून हे सांगणार, आणि त्या वेळी तिच्याजवळ फक्त खोटं बोललेला नवरा असणार, हे मला सहन झालं नाही. मी कोणाची परवानगी घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, "आई, साधी गाठ नाही. कॅन्सर आहे. ऑपरेशन करून..." पुढचा शब्द मी मराठीत कधी उच्चारलाच नव्हता, तोही बाबांसमोर. "एका बाजूची छाती पूर्ण काढावी लागेल म्हणतात."

"मेघा!" बाबा ओरडले.

आई रडली नाही. तिने माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. "कोणाकोणाला ठाऊक आहे?" तिने विचारलं. "भावोजींना?" मी मान हलवली. "परबांना?" मी पुन्हा मान हलवली. तिने मनाशी दिवसांचा हिशेब लावला आणि म्हणाली, "म्हणजे त्या शुक्रवारी तुम्ही सगळे हे ठरवून बसला होतात. आणि मी आतून आग्रह करत होते, कलिंगड घ्या, कलिंगड घ्या." तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कॅन्सर शब्दाने जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं.

डॉक्टरने वाट पाहिली. मग म्हणाली, "सुनंदा, तुम्हाला काय हवंय?" मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "हे म्हणतील ते." डॉक्टरने नाही अशी मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" आईने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बाबांना म्हणाली, "अहो, तुम्ही जरा बाहेर बसा." बाबा उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. ती त्यांनी उचलली नाही.

बाबा गेल्यावर आईने जे प्रश्न विचारले तसे शहाण्यासुरत्या बायकांनाही सुचणार नाहीत. केलं तर किती दिवस झोपून राहावं लागेल, नाही केलं तर काय होईल, औषधाने उलट्या होतात म्हणतात त्या किती, हात वर उचलता येईल का, नारळ खवता येईल का. डॉक्टरने एकेक उत्तर दिलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. लवकर केलं तर बरं होण्याची चांगली आशा आहे, हे तिने दोनदा सांगितलं आणि मीही दोनदा सांगितलं. सगळं ऐकून आई उभी राहिली. "नको," ती म्हणाली. "सगळं घर माझ्यापायी अडून राहील. हिची परीक्षा, ह्यांची ड्युटी. नको मला." डॉक्टरने विचारलं, "तुम्हाला सगळं नीट समजलंय?" समजलंय. "हा निर्णय तुमचा आहे?" आईने मान ताठ केली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "माझा आहे," ती म्हणाली. डॉक्टरने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, मन बदललं तर दार उघडं आहे, पण मी तुमच्या निर्णयाचा मान राखते.

टॅक्सीत बाबा पुढे ड्रायव्हरजवळ बसले. मला वाटलं होतं घरी गेल्यावर ते आकाशपाताळ एक करतील, आईला हाताला धरून उद्याच परत नेतील. तसं काही झालं नाही. ते रुसले. दुसरा शब्द मला सापडत नाही. ज्या माणसाने बायकोच्या चपलांचा रंगही ठरवला होता, त्याला परक्या बाईसमोर बाहेर बसवलं होतं. "तिचं तिने ठरवलंय," ते मोठ्या काकांना फोनवर म्हणाले, "मी कोण विचारणारा?" माझ्याशी तर त्यांनी परीक्षा संपेपर्यंत बोलणं टाकलं. परब काका तेवढे शुक्रवारी म्हणाले, "वहिनी, करून टाका हो." आई म्हणाली, "नको. तुम्ही जेवा." तो बिचारा घाबरून जेवला. आपल्याला ठाऊक होतं हे तिला कळलंय, म्हणून त्याची मान वर होत नव्हती. हॉस्पिटलातून एकदा फोन आला, मीच घेतला. आईचं काही बदललंय का, त्यांनी विचारलं. मी आईला विचारलं. तिने कणीक मळता मळता नकाराची मान हलवली. मी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी आभार मानले.

इथे माझ्या शेजारी एक म्हातारी राहते. मागच्या हिवाळ्यात ती स्वतः गाडी चालवत किमो घ्यायला जायची. सोबत पिशवीत पुस्तक आणि सँडविच. मी येते म्हटलं तर म्हणाली, नो, थँक यू. मी पुन्हा विचारलं, तर जरा वैतागून नाही म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "मी नाही म्हटलं की नाहीच असतं, माय डिअर." आणि ती गेली, बर्फातून, एकटी, ताठ. मला तिचा रागही आला आणि हेवाही वाटला. तिचं नाही किती स्वच्छ होतं! लहानपणापासून रोज निळा पेला निवडत आलेल्या बाईचं नाही. माझ्या आईने आयुष्यात फक्त एकदा निवडलं, तेही बेचाळिसाव्या वर्षी, अर्ध्या तासात, आणि निवडायला समोर हेच होतं.

पाचेक महिन्यांनी, माझी परीक्षा संपून निकालही लागल्यावर, आई एका दुपारी मेथी निवडत बसली होती. पाठीत कळा यायच्या म्हणून भिंतीला उशी लावलेली. मान वर न करता म्हणाली, "आता करतात का गो ते ऑपरेशन?"

आम्ही गेलो. बाबा या वेळीही आले, पण दारातच उभे राहिले. डॉक्टर एलेनने तपासलं, फोटो काढले, आणि खुर्ची ओढून पुन्हा आईसमोरच बसली. आजार हाडांत उतरला होता. आता कापून उपयोग नव्हता. हेही मीच सांगितलं. आई म्हणाली, "बरं." मी कॉरिडॉरमध्ये डॉक्टरला गाठलं आणि रडत ओरडले, तुम्ही तेव्हा जोर का नाही केला? तिचे डोळे भरले होते, पण तिने नजर चुकवली नाही. "माझी आई ऐंशी वर्षांची होती," ती म्हणाली. "एकटी राहायची. मी दर वर्षी म्हणायचे, माझ्याकडे ये. ती नाही म्हणायची. एक दिवस शेजाऱ्यांना ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली. मी तिला जबरदस्तीने आणलं असतं, तर तिने मला कधी माफ केलं नसतं. माणसाचा शब्द खरा मानायचा, एवढंच मला शिकवलंय." मला तेव्हा ती राक्षसीण वाटली. आता वाटत नाही. तिने आईला तिच्या नावाने हाक मारली होती, आणि आईला काय हवंय हे विचारणारी ती पहिली आणि शेवटची होती. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा डाव पुढे करणं हे तिच्या देशात अपमानाचं होतं, आणि आमच्या घरात ज्यांना ते येत होतं ते त्या दिवसांत रुसून किंवा शरमून बसले होते.

शेवटी शेवटी आईची खाट हॉलमध्ये, माझ्या कपाटाला लागून टाकली होती. तिला माणसं दिसायला हवी होती. एका शुक्रवारी परब काका आले. तिखलं मी केलं होतं, आईने खाटेवरून सांगितलेलं, तिरफळं अखेरची. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बाबा आणि काका जेवायला बसले. एसी घरघरत होता. मी भात घेऊन वाकले तसा काकांनी हात आडवा केला. "नको गो मेघू, पोटात जागा नाय." मी दमले होते. मी डाव मागे घेतला.

"वाढ गो त्यांना," खाटेवरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "पहिलं नको खरं नसतं."

काकांनी मान खाली घातली आणि हात काढून घेतला. मी भात वाढला. मग मला राहवलं नाही. डाव हातात तसाच धरून मी तिच्याकडे वळले.

"आणि तुझं, आई?"

बाबांचा घास हातातच राहिला. आईने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि किंचित हसल्यासारखं केलं.

"माझं काय!" ती म्हणाली. "ह्यांचं ताट रिकामं झालंय बघ."

मी बाबांच्या ताटात भात वाढला. पुन्हा वाढला. त्या दिवशी त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.